दोन स्टेशनांमधले गाव

मंगळवार, ७ मे २०२४, रांजणगाव

आज भीमेपलीकडे मतदान होते. दौंड तालुका बारामती मतदारसंघात मोडतो. आम्ही शिरूरकर वेगळे, आमचा दिवस येत्या सोमवारी. पारगावच्या आत्या सकाळीच मत देऊन, बोटाची शाई मिरवत न्हावऱ्यावरून दुपारपर्यंत इकडे पोचल्या. शाळेला सुट्टी असल्याने मीही घरीच होते. चहा पुढे ठेवला तर पहिला प्रश्न, "तो सकाळचा पोरगा कुठं गेला गं? आठ दिवस झाले, आवाजच नाही त्याचा."

आत्यांना स्टेशनचे नाव माहीत नाही, पोराचेही नाही. काटा कुठे थांबवायचा एवढे माहीत आहे, आणि पहाटे धारा काढताना गोठ्यातल्या खुंटीवर रेडिओ लटकवला की तो पोरगा बोलायचा, हेही. त्याच्या जागी आता गाण्यामागून गाणे लागते. मध्ये कुणीतरी हिंदीत बोलते, ते कोणत्याही गावाला उद्देशून नसते.

मी त्यांना म्हटले, शोधते. त्यांच्या प्रश्नाचे उत्तर माझ्याकडे असायला हवे होते असे दिवसभर वाटत राहिले. रेडिओ ऐकतच मी वाढले, वर्गात मुलांना बातमीपत्र लिहायला शिकवते, आणि या आवाजांचा मालक कोण, हे मीही कधी नीट पाहिलेले नाही.

बुधवार, ८ मे

शोधायला बसले आणि परवाचीच मोठी बातमी हाती लागली. मुंबईच्या राष्ट्रीय कंपनी विधी न्यायाधिकरणाने सोमवारी, ६ तारखेला, रिलायन्स ब्रॉडकास्ट नेटवर्क ही कंपनी सफायर मीडियाकडे देण्याचा आराखडा मंजूर केला. रिलायन्स ब्रॉडकास्ट म्हणजे बिग एफएम. देशभरात ५८ स्टेशने. मुंबईत ९२.७, सोलापुरातही. बोली सुमारे २६१ कोटींची. आत्यांचे स्टेशन हेच असे मला म्हणायचे नाही. पण एखादा आवाज कसा येतो आणि कसा जातो, ते या एका कंपनीच्या हिशेबात स्वच्छ दिसते, म्हणून ते इथे उतरवून ठेवते.

२००६ मध्ये ही साखळी उभी राहू लागली. त्याआधीच्या वर्षी सरकारने धोरण बदलले होते. पहिल्या टप्प्यात, म्हणजे २००० च्या लिलावात, परवाना शुल्क ठरावीक असे आणि दरवर्षी १५ टक्क्यांनी चढे. धंदा होवो न होवो, शुल्क वाढायचेच. बोली लावून हात पोळलेल्या कित्येकांनी स्टेशन सुरूच केले नाही, तर मुंबईतले विन ९४.६ सुरू होऊन बंद पडले. २००५ च्या दुसऱ्या टप्प्यात एकरकमी प्रवेश शुल्क आणि पुढे उत्पन्नाच्या ४ टक्के असा हिशेब आला. मग भराभर स्टेशने निघाली. पुण्यात निघाली, नगरमध्ये निघाली, सांगली-जळगाव-अकोला-नांदेडपर्यंत गेली. वर्तमानपत्रांचे गटही उतरले. कोल्हापुरात 'पुढारी'चे टोमॅटो एफएम आले, दैनिक भास्करचे माय एफएम नागपूरपासून मराठवाड्यापर्यंत पसरले.

बिग एफएमला पहिले गिऱ्हाईक २०१६ मध्ये भेटले. झी समूह ४९ टक्के हिस्सा घेणार असे जाहीर झाले, ते तडीस गेले नाही. २०१९ च्या मे महिन्यात रेडिओ सिटी चालवणाऱ्या म्युझिक ब्रॉडकास्टने १,०५० कोटींचा सौदा जाहीर केला. सरकारी मंजुरी रखडली, पुढच्या वर्षी तोही मोडला. तेव्हा करोना आला होता, दुकाने बंद होती आणि दुकानांच्या जाहिरातीही. फेब्रुवारी २०२३ मध्ये कंपनी दिवाळखोरीच्या प्रक्रियेत गेली, आणि परवा २६१ कोटी.

पाच वर्षांत १,०५० चे २६१ झाले. स्टेशने तीच, फ्रिक्वेन्सी त्याच.

गुरुवार, ९ मे

रात्री जेवताना धाकट्या भाऊजींशी बोलणे झाले. ते एमआयडीसीत लेखाविभागात आहेत, त्यांना हे कायदे कळतात. मी विचारले, न्यायाधिकरण नेमके काय बघते? म्हणाले, "वहिनी, निर्णय आधी धनकोंची समिती घेते. ज्यांचे पैसे बुडालेत ते बसतात, आलेल्या बोली बघतात, मत देतात. ६६ टक्के मते पडली की आराखडा न्यायाधिकरणापुढे जातो."

"म्हणजे तिथेही मतदानच."

"हो, पण ज्याचं येणं जास्त, त्याचं मत मोठं. आणि ते प्रामुख्याने बँका आणि वित्तसंस्थांचं. पगार थकलेल्या माणसाचा दावा नोंदवून घेतात, मत नसतं."

ऐकणाऱ्याचा तर दावाही नसतो. आत्यांनी वर्षानुवर्षे त्या पोराला पहाटेची वेळ दिली, जाहिराती ऐकल्या, त्यातल्या एका जाहिरातीवरून पुण्याला जाऊन साडीही आणली. रेडिओ कंपनी जाहिरातदाराला जे विकते ते आत्यांचे ऐकणेच. विक्रीच्या कागदावर मात्र फ्रिक्वेन्सी, परवान्याची उरलेली वर्षे आणि यंत्रसामग्री.

१९९५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने बंगाल क्रिकेट संघटनेच्या खटल्यात सांगितले होते की रेडिओलहरी ही सार्वजनिक मालमत्ता आहे आणि तिचा वापर जनतेच्या हितासाठीच व्हायला हवा. खाजगी रेडिओचे दार उघडायला त्या निकालाची मदत झाली. मालमत्ता आपली आहे हे मी मनापासून मानते, आणि म्हणूनच मालकाला एकदाही न विचारता ती हातोहात फिरते हे मला खुपते.

शुक्रवार, १० मे, अक्षय्य तृतीया

आज सोने, उद्या फ्लॅट, परवा पुन्हा सोने. रेडिओवर पुण्याचे सराफ, पुण्याच्या पेठा, पुण्यातली ट्रॅफिक. चांदणी चौकात किती गर्दी आहे ते रांजणगावात बसून मला पाठ झाले आहे. इथल्या चौकात संध्याकाळी पाळी सुटताना कंपन्यांच्या बसगाड्या तासभर अडकतात, ते कोणी सांगत नाही.

हायवेवरच्या एका हॉटेलमालकांना विचारले, तुम्ही का नाही जाहिरात देत? त्यांनी एकदा चौकशी केली होती. दर दहा सेकंदांवर असतो, आणि पैसे भरायचे सगळ्या पुण्यासाठी. "माझं गिऱ्हाईक शिक्रापूर ते शिरूर," ते म्हणाले, "कोथरूडच्या माणसानं माझं नाव ऐकून मला काय मिळणार?" म्हणून त्यांनी फ्लेक्स लावला. इथला छोटा धंदा रेडिओला परवडत नाही आणि रेडिओ त्याला परवडत नाही, ही अडचण मला साऱ्याच्या मुळाशी दिसते.

रेडिओवरच्या जाहिरातीचा मान मुंबई, पुणे आणि नागपूरला आधी मिळाला, हे आमच्याकडे फारसे कुणाच्या लक्षात नाही. विविध भारतीची जाहिरातसेवा १ नोव्हेंबर १९६७ रोजी याच केंद्रांवरून सुरू झाली.

रविवार, १२ मे

सुट्टीचा निवांत वेळ होता. जुनी गोष्ट पुन्हा वाचली, या आठवड्यात ती निराळीच वाटली.

आपल्याकडची पहिली मोठी रेडिओ कंपनीही मुंबईतच बुडाली होती. इंडियन ब्रॉडकास्टिंग कंपनी. २३ जुलै १९२७ रोजी व्हाइसरॉय आयर्विन यांनी मुंबई केंद्राचे उद्घाटन केले. प्रक्षेपक दीड किलोवॅटचा. ऐकणाऱ्याने वर्षाला १० रुपयांचा परवाना घ्यायचा, त्यातला मोठा वाटा कंपनीला. परवाने घेणारे थोडे, चोरून ऐकणारे बरेच, आणि यंत्रे महाग. तीन वर्षेही भरली नाहीत तोच १ मार्च १९३० रोजी कंपनी गुंडाळायला निघाली आणि एप्रिलमध्ये सरकारने केंद्रे ताब्यात घेतली.

पुढचा भाग मला जास्त महत्त्वाचा वाटतो. ऑक्टोबर १९३१ मध्ये सरकारनेही खर्च झेपत नाही म्हणून केंद्रे बंद करायचे ठरवले. त्यावर ओरड झाली, रेडिओ विकणारे व्यापारी आणि ऐकणारे दोघेही उठले, आणि दीड महिन्यात सरकारने निर्णय फिरवला.

असेच गेल्या वर्षी जूनमध्ये पुण्यात घडले. पुणे आकाशवाणी म्हणजे २ ऑक्टोबर १९५३ पासूनचे केंद्र. तिथला प्रादेशिक वृत्तविभाग बंद करून बातमीपत्रे छत्रपती संभाजीनगरहून देण्याचा आदेश निघाला. पुणे जिल्ह्यात संताप उसळला, पत्रे गेली, पुढारी बोलले, आणि आदेश थांबला. आमच्या शाळेतल्या शिक्षकांनीही सह्या केल्या होत्या, मीही केली होती.

सरकारी रेडिओकडे निदान तक्रारीचा पत्ता असतो. खाजगी साखळी हातची निघून चालली, तर आत्यांनी कोणाला पत्र लिहायचे? रेडिओ सिटीचेच पाहा. २००१ मध्ये बंगळुरात ते सुरू झाले, तेव्हा देशातले पहिले खाजगी एफएम. आधी स्टारचा हात होता, मग गुंतवणूक निधीचा, आणि २०१४ च्या डिसेंबरात कानपूरच्या जागरण प्रकाशनाशी सौदा ठरला. त्या वेळी त्यांची २० स्टेशने होती, त्यांतली ९ महाराष्ट्रात. मुंबई, पुणे, नागपूर, नगर, सोलापूर, सांगली, नांदेड, जळगाव, अकोला. साखळीचा जवळजवळ अर्धा भाग मराठी मुलखातला, आणि कारभार बदलला तेव्हा इथल्या ऐकणाऱ्याला त्याचा पत्ताही लागला नाही. पुण्यात ९४.३ वर असलेल्या रेडिओ वनची पालक कंपनी नेक्स्ट मीडियावर्क्स २०१९ मध्ये एचटी मीडियाकडे गेली. तेव्हाही तेच.

सोमवार, १३ मे

मत दिले. केंद्रावर रांग होती, एमआयडीसीतली बरीच पोरे मात्र मराठवाड्यातली, विदर्भातली, बिहारची. त्यांचे नाव यादीत तिकडे.

दुपारनंतर मुंबईत धुळीचे वादळ झाले, घाटकोपरला प्रचंड होर्डिंग पेट्रोल पंपावर कोसळून माणसे दगावली. हे मला फोनवर कळले. मी काटा इकडून तिकडे फिरवला. खाजगी स्टेशनांवर गाणी चालू होती. त्यात त्यांचा दोष नाही. त्यांना स्वतःच्या बातम्या द्यायला परवानगीच नाही. फार तर आकाशवाणीचे बातमीपत्र जसेच्या तसे लावता येते. हवामान, वाहतूक, परीक्षा सांगता येतात. वर्तमानपत्राला जे चालते, दूरचित्रवाणीला जे चालते, ते रेडिओला का नाही, याला इतक्या वर्षांत पटणारे उत्तर मिळालेले नाही.

मला वाटते, या बंदीनेच साखळ्या इतक्या सहज विकाऊ केल्या. बातमी देणारे स्टेशन गावात माणसे ठेवते, माणसांची ओळख होते, आणि ओळख असलेली गोष्ट विकायला काढली की लोक विचारतात. नुसती गाणी लावणाऱ्या स्टेशनचा कारभार शहरातल्या एका खोलीतून दहा ठिकाणांचा करता येतो. सकाळच्या पोराला काढायला कोणी दुष्ट असावा लागत नाही. खर्च कमी करताना आधी पगार दिसतो.

शनिवार, १८ मे

बारामतीला लग्न होते. गावात शिरताना भाऊजींनी गाडीतला काटा ९०.८ वर आणला. शारदा कृषी वाहिनी, कृषी विज्ञान केंद्राचा सामुदायिक रेडिओ. बारामतीत विद्या प्रतिष्ठानची वसुंधरा वाहिनीही आहे, ९०.४ वर. साताऱ्याकडे म्हसवडला माणदेशी तरंग वाहिनी २००८ पासून चालू आहे, तिथे बायका स्वतः कार्यक्रम करतात.

या रेडिओंना फक्त १०० वॅटची परवानगी, म्हणजे दहा-पंधरा किलोमीटरचा आवाका. परतताना आवाज लवकरच खरखरत गेला. दौंडच्या हद्दीत आलो तर पुन्हा पुणे लागले. आत्या मागच्या सीटवर होत्या. म्हणाल्या, "हे बरं होतं की. आपल्यासारखंच बोलत होते."

एफएमची लहर सरळ जाते, डोंगराआड फारशी वळत नाही. आमच्या गच्चीवर पुणे स्वच्छ येते, कधी नगरही. घोड नदीच्या उतारात दोन्ही जातात. दोन शहरांच्या मोठ्या प्रक्षेपकांचा शेवटचा जोर जिथे संपतो, तिथे हजारो कामगार राहतात आणि मोबाइलवर कानात वायर घालून ऐकतात.

गुरुवार, २९ ऑगस्ट

कालच्या मंत्रिमंडळ बैठकीची बातमी आली आहे. २३४ नव्या शहरांत ७३० खाजगी एफएम वाहिन्यांचा लिलाव होणार, राखीव किंमत सुमारे ७८५ कोटी. यादीत महाराष्ट्रातून चंद्रपूर, लातूर, मालेगाव, यवतमाळ ही नावे आहेत. लातूरच्या कामगार पोरांना सांगितले, त्यांना आनंद झाला.

शिरूर यादीत नाही, असणारही नव्हते. एक लाखावरची शहरे हा निकष ग्रामपंचायतीच्या हद्दीतल्या औद्योगिक वसाहतीला लागतच नाही. आणि खरे सांगायचे तर आमच्यासाठी लिलाव नकोच. आणखी एका साखळीचा आणखी एक मणी होऊन आम्हाला काय मिळेल?

सामुदायिक परवाना शिक्षणसंस्थेला मिळतो, नोंदणीला तीन वर्षे झालेल्या बिगर-नफा संस्थेलाही. त्याला लिलाव नाही. १०० वॅटमध्ये रांजणगाव, कारेगाव, ढोकसांगवी, खंडाळे सगळे येते. हॉटेलमालकांना परवडेल असा जाहिरातीचा दर तिथे ठेवता येतो. पाळी सुटण्याची वेळ, बाजारभाव, घोड धरणाचे पाणी, परराज्यातल्या मुलांसाठी त्यांच्या भाषेतला अर्धा तास, हे सगळे बसते.

मुख्याध्यापकांशी आज मधल्या सुट्टीत बोलले. त्यांनी खर्च विचारला आणि संस्थेच्या बैठकीत विषय घ्यायचे कबूल केले. बैठक गणपतीनंतर आहे. तोवर म्हसवड आणि बारामतीकडून महिन्याच्या खर्चाचा अंदाज मागवायचा, आणि अर्जाला लागणारी कागदपत्रे लावून ठेवायची.