गाणें कोणाचें?

कलाकृतीखालीं एकच नांव असावें, ही आम्हां साहित्याच्या अध्यापकांची जुनी आवड आहे. कवि एकटा असतो आणि मित्रमंडळी फार झालें तर टाळ्या वाजविते, असें गृहीत धरूनच आपण कविचरित्रें वाचतों. या गृहीताची परीक्षा पाहणारें एक गाणें अलीकडे आमच्या मनांत घर करून बसलें आहे. तें म्हणजे लिव्हरपूलच्या 'बीटल्स' या चौकडीचें 'स्ट्रॉबेरी फील्ड्स फॉरएव्हर' हें होय.

1966 सालीं एका चित्रपटाच्या कामासाठीं जॉन लेनन स्पेनमधील आल्मेरिया येथें गेला असतां त्याला हें गाणें सुचलें. लिव्हरपूलांत त्याच्या बालपणच्या घराजवळ 'स्ट्रॉबेरी फील्ड' नांवाचें मुलांचें एक अनाथगृह होतें. त्याच्या बागेची आठवण या गाण्याच्या मुळाशीं आहे. त्याचे एकट्याचे कच्चे खर्डे 1996 सालीं प्रसिद्ध झाले. ते ऐकले म्हणजे बीज सर्वस्वी त्याचेंच, याविषयीं शंका राहत नाहीं. परंतु बीज म्हणजे वृक्ष नव्हे.

24 नोव्हेंबर 1966 रोजीं लंडनच्या ॲबी रोडवरील ध्वनिमुद्रणगृहांत तें चौघांच्या हातीं आलें. पहिल्या ध्वनिमुद्रणांत आरंभ कडव्यानें होता. पुढें धृपद आधीं आलें. सुरुवातीचे बांसरीसारखे स्वर पॉल मॅकार्टनीनें मेलोट्रॉनवर वाजविले. या वाद्याची पट्टी दाबली कीं आधींच फितीवर घेतलेला स्वर उमटतो. जॉर्ज हॅरिसन त्याच वर्षीं मुंबईस येऊन रविशंकरांपाशीं सतार शिकून गेला होता. गाण्यांत मध्येंच जो झंकार उठतो, तो त्यानें छेडलेल्या स्वरमंडळाचा. निर्माता जॉर्ज मार्टिन यानें पुढें तीन चेलो व चार ट्रंपेट यांची योजना केली.

मग लेननला एका ध्वनिमुद्रणाचा आरंभ आणि दुसऱ्याचा शेवट आवडला. दोहोंची पट्टी निराळी, लयहि निराळी. मार्टिन व तंत्रज्ञ जेफ एमेरिक यांनीं फितींचा वेग बदलून तीं जुळविलीं. सुमारें एका मिनिटानंतर येणारा तो सांधा सांगितल्यावांचून सहसा ध्यानांत येत नाहीं. बाजूस ठेवलेला खर्डाच अशा रीतीनें पक्क्या कृतीचें पूर्वांग झाला. मॅकार्टनीनेंहि आपल्या लिव्हरपूलच्या आठवणींचें 'पेनी लेन' रचलें. 1967 च्या फेब्रुवारींत दोन्ही गाणीं एकाच तबकडीच्या दोन बाजूंस प्रसिद्ध झालीं, आणि दोघांच्या करारानुसार दोहोंखालीं नांवें लेनन-मॅकार्टनी या जोडीचीं.

मग हें गाणें कोणाचें? लेननचें, असेंच उत्तर आम्ही देऊं. मात्र 'लेननचें' या शब्दांत त्याच्या मित्रांस जागा ठेवावी लागेल. मूळ भावना त्यांनीं बदलली नाहीं. तिला हवा असलेला आवाज तेवढा मिळवून दिला.

आमचेहि एक स्नेही होते. आमचा प्रत्येक लेख प्रथम त्यांच्याकडे जाई आणि समासांत पेन्सिलीच्या खुणा घेऊन परत येई. त्यांस जाऊन चार वर्षें झालीं. हल्लीं आमच्या हस्तलिखितांचे समास कोरे असतात. वाक्यें पूर्वीहून गुळगुळीत असतात, पण त्यांत एकच आवाज ऐकूं येतो. आमच्या एकाहि लेखाखालीं त्यांचें नांव नाहीं. जुने लेख चाळतांना कोणतें वाक्य आमचें आणि कोणतें त्यांचें, हें आतां आम्हांसहि सांगतां येत नाहीं. आणि तें सांगतां येऊं नये, असेंच वाटतें.