हंड्यावरचे नाव

माझी आजी परदेशात जन्मली, असे मी वर्गात म्हटले तेव्हा मैत्रिणी हसल्या. पण त्यात खोटे काय आहे? १९४० च्या सुमारास औसा तालुक्यातल्या एका खेड्यात ती जन्मली. तेव्हा गावात हाली शिक्का चालायचा, टपालाचे तिकीट निजामाचे, आगगाडी निजामाची, कचेरीची भाषा उर्दू. हिंदुस्थान १५ ऑगस्ट १९४७ ला स्वतंत्र झाला; आमचा मुलूख १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत मागेच राहिला.

या देशाच्या राजाचे चित्र १९३७ साली अमेरिकेच्या 'टाइम' साप्ताहिकाने मुखपृष्ठावर छापले होते, जगातला सर्वांत श्रीमंत माणूस म्हणून. राज्याचा सुमारे चाळीस टक्के मुलूख त्याच्या खाजगी सर्फ-ए-खासमध्ये आणि जागीरदारांकडे होता. आजीचे वडील जागिरीत वेठीला जात. मजुरी नाही आणि भाकरीही घरूनच बांधून न्यायची! जगातली ती श्रीमंती कुणाच्या पाठीवर उभी होती, हे समजायला मला अर्थशास्त्राच्या पुस्तकाची गरज पडली नाही.

यंदा मुक्तिसंग्राम दिनाच्या वक्तृत्व स्पर्धेत मी नाव दिले. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढणारी मी पहिलीच, त्यामुळे भाषण लिहून देणारे कुणी नव्हते. ग्रंथालयात बसून टिपणे काढली. स्वामी रामानंद तीर्थांचा त्याग, आपल्याच नांदेड जिल्ह्यातली उमरीची बँक लुटून लढ्यासाठी उभारलेला पैसा, रझाकारांनी जाळलेली गावे. या रझाकारांचा म्होरक्या कासिम रझवी लातूरचा वकील, हेही मला तेव्हाच कळले. सगळे खरे आहे आणि सगळे मी बोलले. दुसरे बक्षीस मिळाले.

जे बोलले नाही ते इथे लिहिते.

आमच्या घरी एक तांब्याचा हंडा आहे. आजीला लग्नात आंदण मिळालेला. अंघोळीचे पाणी त्यातच तापते, म्हणून तो कायम काजळीने काळा. मागच्या दिवाळीला मी चिंच लावून तो गळ्यापर्यंत घासला, तर काठाखाली उर्दू अक्षरे निघाली. मोबाइलवर फोटो काढला आणि सुट्टी संपल्यावर नांदेडला, देगलूर नाक्याकडे राहणाऱ्या माझ्या वर्गमैत्रिणीला दाखवला. तिने तो मोठा करून वाचला. एका माणसाचे नाव होते. "कुणाचा गं हा?" तिने विचारले. मी म्हटले, "आमचाच."

पुढच्या खेपेला आजीला विचारले. तिने आधी टाळले. मग चुलीपुढे बसून सांगितले, "मिलिट्री आल्याव लोक गाड्या जुंपून गेलते, बाई. वाड्यातलं सोनंनाणं मोठ्यांनी नेलं. आमच्या बापाच्या हाताला ह्यो हंडा लागला. रातीला आणला. माय म्हनली, कुणाचा हाय? बाप काईच बोलला न्हाई."

सरकारने नेमलेल्या पंडित सुंदरलाल समितीने १९४८ च्या अखेरीस इथली गावे फिरून अहवाल दिला होता. पोलीस कारवाईच्या वेळी आणि नंतर किमान २७ ते ४० हजार माणसे मारली गेली, असा तिचा अंदाज. सर्वाधिक झळ लागलेल्या चार जिल्ह्यांत उस्मानाबाद आणि नांदेड आहेत. लातूर तेव्हा उस्मानाबादेतच होते. हा अहवाल कित्येक दशके दाबून ठेवलेला होता. २०१३ मध्ये तो लोकांना पाहायला मिळाला. मेलेल्यांत रझाकार किती आणि पिंजारी, विणकर, मोलमजुरी करणारे किती, याचा हिशेब मला कुठल्या भाषणात ऐकायला मिळाला नाही.

आणि ज्याच्यासाठी हे सगळे चालले होते, तो निजाम? १९५० ते १९५६ तो त्याच हैदराबाद राज्याचा राजप्रमुख होता. वर्षाला ५० लाखांचा तनखा. १९४९ मध्ये जागिरी गेल्या, पण जागीरदारांना भरपाई मिळाली. आजीच्या वडिलांना वेठीची भरपाई कुणी दिली नाही. ते मरेपर्यंत दुसऱ्याच्याच शेतात राबले, फक्त मालकाचे आडनाव बदलले. गरिबाच्या घरातून गरिबाच्या घरात गेला तो एक हंडा. हंड्यावर नाव असणारा माणूस श्रीमंत होता की आमच्यासारखाच, तेही ठाऊक नाही. पण श्रीमंत माणूस हंड्यावर नाव कोरून घेईल का? आमच्याकडे तर कोरून घेतात ते भांडे हरवू नये म्हणून.

बक्षिसाचे प्रशस्तिपत्र घेऊन गावी गेले, तेव्हा आजीने विचारले, "त्यात हंड्याचं सांगितलंस का?" मी नाही म्हटले. ती बराच वेळ गप्प राहिली.

"त्येचं नाव काय म्हनलीस?"

मी सांगितले. तिने ते दोनदा स्वतःशी म्हटले. मग म्हणाली, "पानी उतू चाललंय, जाळ कमी कर."