देवगांडूळ

पावसाळ्यात आमच्या नाशिकमध्ये कुणाच्या अंगणात काही लांबट वळवळलं की काठी आधी येते, प्रश्न नंतर. "साप होता" एवढं म्हटलं की विषय संपतो. आपल्या घरांत त्यावर आणखी एक वाक्य ठरलेलं असतं: मूजी जनावर आहे, मारलं तर गुनाह नाही.

सापाबद्दलही दीन इतकं सरसकट बोलत नाही. घरात दिसलेल्या सापाला आधी तीन दिवस ताकीद द्यावी, अशी मदीनेतल्या घरांबद्दलची रिवायत 'सहीह मुस्लिम'मध्ये आहे. पण मला आज बोलायचं आहे ते सापाच्या नावाखाली मरणाऱ्या दुसऱ्याच जिवाबद्दल.

सह्याद्रीच्या ओल्या मातीत देवगांडूळ राहतं. नावावर जाऊ नका, ते गांडूळ नाही आणि सापही नाही. ते उभयचर आहे, म्हणजे बेडकाच्या आणि सॅलॅमँडरच्या नात्यातलं. सॅलॅमँडर पाहायला आपल्याला पार दार्जिलिंगच्या डोंगरांत जावं लागेल. त्याचं हे बिनपायाचं भावंड मात्र आपल्याच घाटात आहे. अंगावर वळी, कातडी ओलसर, डोळे कातडीखाली, काही जातींत तर हाडाखाली दडलेले. डोळा आणि नाकपुडी यांच्या मधून एक बारीकशी सोंड बाहेर येते, तिने ते वासाचा माग काढतं. गांडुळं, वाळवी खातं. गांडुळाला नसतात ते कणा, जबडा आणि दात याला असतात. माणसाला त्याच्यापासून धोका नाही.

आपल्या राज्यात त्याच्या अनेक जाती आहेत. खंडाळ्याची एक जात 1960 मध्ये नोंदली गेली, कोयनेजवळच्या हुंबर्लीची 2004 मध्ये. मला सगळ्यात भावते ती रत्नागिरी जिल्ह्यातल्या डोर्ले गावची. 2003 मध्ये तिचं वर्णन झालं आणि देवगांडुळांवर काम केलेले प्राध्यापक शेषाचार यांचं नाव तिला दिलं गेलं. पुढे 2008 मध्ये कळलं की ही जात अंडी न घालता थेट पिल्लांना जन्म देते. आशियातल्या कुठल्याही उभयचराबद्दल तोवर असं माहीत नव्हतं. कोकणातल्या एका गावच्या मातीत एवढी मोठी गोष्ट दडून होती! कितीजणी काठीखाली गेल्या असतील, कोण मोजणार?

आता दुसरी रिवायत, 'अबू दाऊद'मधली. एका हकिमाने औषधात बेडूक वापरण्याबद्दल विचारलं, तेव्हा पैगंबरांनी (स.) बेडूक मारायला मनाई केली. देवगांडुळाला बेडकाचा हुकूम लागतो का, हे मी सांगणार नाही, मी काही मुफ्ती नाही. पण साप म्हणून ज्याला मारायची मुभा आपण गृहीत धरतो, ते बेडकाचं भाईबंद निघालं तर मुभेचा आधारच सरकतो. मसअला विचारण्याआधी समोर काय आहे हे नीट पाहायला हवं, एवढं तरी कबूल करायला हरकत नसावी.

पाहणं अवघड नाही. बॅटरी घ्या, लांबून बघा. सापाचं अंग खवल्यांचं आणि कोरडं असतं, याचं चकचकीत ओलं. शंका वाटली तर सर्पमित्राला फोन करा. ओळख पक्की असेल तर खालच्या मातीसकट फावड्यावर उचलून झाडाखालच्या ओलाव्यात सोडा. कोरड्या फरशीवर ठेवू नका, ते काही अंशी कातडीनेच श्वास घेतं.