चिंचोके आणि काड्या

घरच्या घरी मुलांसाठी काही करायचं म्हटलं, की हल्ली आधी साहित्याची यादी निघते: रंगीत कागद, चमकी, तयार संच. मला त्यातलं ‘तयार’ तेवढं खटकतं. १९४५ मध्ये ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी बोर्डीला गावातल्या मुलांसाठी बालशिक्षणाचं काम सुरू केलं. माँटेसोरीची महागडी साधनं तिथे परवडणारी नव्हती. शिंपले, खडे, पानं, बिया हीच साधनं झाली. ही गरिबीतली तडजोड होती, असं मला वाटत नाही. बाजारच्या साच्यात ठोकळा एकाच जागी बसतो. मूठभर चिंचोक्यांना अशी ठरलेली जागा नसते. ते मोजता येतात, रांगेत मांडता येतात, फोडून दोन फाका केल्या की फासेही होतात.

टाकाऊ वस्तूंतून खेळणी करणाऱ्या अरविंद गुप्तांच्या आगकाड्यांच्या सांगाड्यांत साध्या वस्तूंची ही ताकद आणखी स्वच्छ दिसते. सायकलच्या व्हॉल्व्हट्यूबचे तुकडे, त्यांत खोचलेल्या गुल खरवडलेल्या काड्या. त्रिकोण दाबला तरी आकार सोडत नाही. चौकोन लगेच तिरका होतो. छपराच्या कैचीत तिरके दांडे का, ते बोटांनाच कळतं. कुणी म्हणेल, आईबाबांना एवढा वेळ कुठे? पण वेळ खातो तो सुबकपणाचा हट्ट, आणि तिथे बहुधा आईच कापत-चिकटवत बसते, मूल नुसतं बघतं. दुसरा आक्षेप मात्र खरा: चिंचोका नाकाघशात अडकू शकतो. तीन वर्षांखालच्यांना तो नकोच. त्यांना डबे-झाकणं पुरेत. आणि गुंजा कितीही देखण्या असल्या तरी विषारी, त्या कुठल्याच वयाला नकोत.