नव्या वाणाला कोपऱ्यातले खाचर

बियाणे बदलावे की नाही, हा प्रश्न तुम्हा-आम्हा शेतकऱ्यांच्या घरात दर वर्षी मृगाच्या आधी निघतोच. माझ्या घरात मात्र हाच प्रश्न एकदा संगणकाच्या रूपाने आला, आणि भाताच्या बियाण्यापेक्षा तो सोडवणे अधिक जड गेले. ती हकिकत आज तुम्हाला सांगावी म्हणतो. तुमच्याही घरी कुणी मुलगा, मुलगी, सून संगणकावर काम करीत असेल, तर आज ना उद्या हा प्रश्न तुमच्या ओटीवरही येऊन बसेल.

आमचे गाव कशेळे. कर्जतहून मुरबाडकडे जाणाऱ्या रस्त्यावरचे बाजाराचे ठिकाण. जमीन थोडी, आणि तीही बहुतेक पावसाच्या भाताची. धाकटी मुलगी कर्जतला शिकून घरी आली आणि मुलांच्या गोष्टींची हलती चित्रे, म्हणजे कार्टूने, करू लागली. दादरच्या एका गृहस्थांनी तिला सहा गोष्टींचे काम दिले होते. ती दिवसभर संगणकापुढे बसे. मी बाहेरून जाता जाता विचारी, "झाला का गं तुझा खेळ?" आज तो शब्द आठवला की माझी मलाच लाज वाटते.

चित्र हलते ते कसे, हे मला तिनेच समजावून दिले. दादासाहेब फाळक्यांनी 'राजा हरिश्चंद्र' काढण्याआधी, १९१२ साली, कुंडीत वाटाणा लावला आणि त्याचा वेल वाढताना थोडा थोडा करून कॅमेऱ्यात टिपला. महिनाभराची वाढ पडद्यावर मिनिटाभरात दिसली. कार्टूनचेही तसेच. सेकंदाला २४ चित्रे, म्हणजे मिनिटाला १,४४०. आमचा जुना, कुणी वापरून टाकलेला संगणक एकेक चित्र पक्के करायला सुमारे एक मिनिट घेई. हिशेब करा, म्हणजे मिनिटाच्या चित्रफितीला एक अख्खा दिवस आणि रात्र. त्यात आमच्याकडचा पावसाळा! वीज केव्हा जाईल याचा नेम नाही.

ज्या सॉफ्टवेअरवर ती काम करते त्याचे नाव ब्लेंडर. त्याला पैसे पडत नाहीत. हॉलंडच्या टोन रोझेंडाल नावाच्या गृहस्थांनी ते सुरू केले. पुढे ते बंद पडायची वेळ आली तेव्हा, २००२ साली, जगभरच्या लोकांनी वर्गणी काढून सात आठवड्यांत एक लाख युरो जमवले आणि ते सर्वांसाठी मोकळे करून घेतले. चित्रकामाची दुसरी काही सॉफ्टवेअरे महिन्याच्या भाड्याने मिळतात. अडोबी कंपनीने २०१३ पासून तीच रीत धरली. मी मनाशी म्हटले, ही संकरित भातासारखी. दर साल बियाणे विकत आणायचे. ब्लेंडर मात्र सुधारित वाणासारखे. एकदा घरात आले की पुढचे बियाणे घरचे. फुकटचे म्हणून ते हलके समजू नका. 'फ्लो' नावाचा लॅटव्हिया देशातला चित्रपट ब्लेंडरवरच झाला आणि २०२५ साली त्याला ऑस्कर मिळाले.

आता मूळ गोष्टीकडे येतो. २०१९ चा जुलै आमच्या भागात कुणी विसरलेले नाही. २७ तारखेला उल्हास नदीचे पाणी रुळांवर चढले आणि महालक्ष्मी एक्स्प्रेस बदलापूर-वांगणीच्या दरम्यान हजारभर उतारूंसह अडकून पडली. आमची लावणी उरकत आली होती. त्याच आठवड्यात, ३० जुलैला, ब्लेंडरची नवी आवृत्ती आली, २.८०. मुलगी काम करीत होती ती २.७९. आकडा पाहून मला वाटले, एवढ्याशा फरकाचे काय ते कौतुक! पण फरक लहान नव्हता. पडद्याची मांडणीच बदलली होती. जुन्यात वस्तू निवडायला माउसचे उजवे बटण दाबत, ते आता डाव्यावर आले. चित्र पक्के करण्याची 'ईव्ही' नावाची नवी रीत आली. तिच्यात चांगल्या यंत्रावर मिनिटाचे काम काही सेकंदांत होई. आणि ज्या जुन्या रीतीवर मुलीच्या पहिल्या तीन गोष्टी झाल्या होत्या, ती नव्या आवृत्तीतून काढूनच टाकली होती.

शिवाय सॉफ्टवेअर फुकट असले तरी ते चालवणारे यंत्र फुकट नव्हते. आमच्या संगणकाचे चित्रे दाखवणारे कार्ड इतके जुने होते की नवी आवृत्ती त्यावर उघडेचना. म्हणजे संगणक नवा हवा. घरात पैसे होते. पण ते नदीकाठच्या तुकड्यावर भेंडी करायची म्हणून पंपासाठी साठवलेले.

मुलगी म्हणाली, "बाबा, नवीन व्हर्जन घेतलं तर महिन्याचं काम आठवड्यात होईल. नाहीतर मी डोंबिवलीला खोली घेऊन एखाद्या स्टुडिओत लागते. तिथे सगळं असतं."

तिची आई काही बोलली नाही. मीही गप्प राहिलो. पंप की पोरगी, असाच तो प्रश्न मला वाटला.

गोकुळाष्टमीच्या सुमारास कर्जतचा माझा भाचा त्याचा नवा लॅपटॉप घेऊन आला. त्यावर नवी आवृत्ती चालत होती. मलाच घाई झाली. मी म्हणालो, "बघू तरी कसं दिसतं! तुझी चौथी गोष्ट लाव की त्यात." तिने पेन ड्राइव्ह लावला. फाइल उघडली खरी. पण तिने घातलेला उजेड, सावल्या, बैलाच्या झुलीचे रंग, सगळे बिघडून गेले. ती दुरुस्त करीत बसली आणि गडबडीत तिने त्याच नावाने दोनदा साठवले. ब्लेंडर आधीची एक प्रत आपणहून राखून ठेवते. पण दुसऱ्यांदा साठवताच ती प्रतही बिघडलेल्या कामाचीच झाली. आणि नव्या आवृत्तीत साठवलेली फाइल जुन्यात धड उघडेना. घरच्या संगणकात प्रत होती ती ११ दिवसांपूर्वीची. चूक सॉफ्टवेअरची नव्हती. आमची होती, आणि त्यातही अधिक माझी.

त्या रात्री पोर जेवली नाही. तिच्या आईने तिच्यापुढे चहा ठेवला आणि एवढेच म्हणाली, "बियाणं राखल्याशिवाय कुणी पेरतं का गं?"

ते बोलणे मुलीसाठी होते, पण लागले मला. कारण लग्नानंतरच्या दुसऱ्या वर्षी मी हेच केले होते. एका नव्या गरव्या भाताची तारीफ ऐकून मी सगळ्या खाचरांत तेच लावले आणि घरचे हळवे बियाणे खाऊन टाकले. वाण वाईट नव्हते. खोल, पाणथळ जमिनीत ते उत्तम आले असते. आमची खाचरे माळाकडची, उथळ. हस्ताचा पाऊस चुकला आणि भात पोटरीतच वाळले. पुढच्या वर्षी पेरायला बियाणे नव्हते. ते वाढीदिढीने आणावे लागले. वाढीदिढी काय असते, हे जुन्या माणसांना सांगायला नको. आमच्या कशेळ्याच्या अकॅडमी ऑफ डेव्हलपमेंट सायन्स या संस्थेने आदिवासी वाड्यांत धान्यबँका चालवल्या, देशी भातांची वाणे जमवून जपली, ती काही हौस म्हणून नव्हे. मागे फिरायला वाट असावी म्हणून.

त्या फटक्यानंतर मी एक नियम केला. नव्या वाणाला पहिल्या वर्षी कोपऱ्यातले एकच खाचर. कर्जतच्या भात संशोधन केंद्राचे कर्जत-३ आमच्या घरी आले ते असेच. पहिल्या वर्षी एका खाचरात, दुसऱ्या वर्षी तीनांत. आता पाहा, कर्जत-२, कर्जत-३, कर्जत-५, कर्जत-७, या भाताच्या आवृत्त्याच नव्हेत का? पण कर्जत-७ आले म्हणून कर्जत-३ काही उगवायचे थांबले नाही. मोठ्या आकड्याचे ते आपल्या जमिनीला चांगलेच, असेही नसते.

दुसऱ्या दिवशी मी मुलीशेजारी जाऊन बसलो आणि प्रथमच तिला तिच्या कामाविषयी नीट विचारले. आम्ही वहीवर चार प्रश्न लिहिले. नव्या आवृत्तीतले नेमके काय आपल्याला हवे आहे? आपल्या यंत्राला ती झेपेल का? हातातले काम अर्धवट आहे का? आणि बिनसले तर मागे फिरता येईल का? पहिल्याचे उत्तर पक्के होते: वेग. बाकी तिन्ही उत्तरे 'आत्ता नको' अशी आली.

मग ठरले ते असे. सहाही गोष्टी २.७९ वरच पुऱ्या करायच्या. ब्लेंडरच्या दोन आवृत्त्या एकाच संगणकात शेजारी शेजारी राहू शकतात, म्हणून नवी भाच्याच्या लॅपटॉपवर रविवारी हात बसवण्यापुरती. तिच्यात उघडायचे ते नेहमी नक्कल करून, वेगळ्या नावाने. आणि रोज दिवेलागणीला कामाच्या दोन प्रती, दोन वेगळ्या ठिकाणी. पंपाचे पैसे पंपालाच.

थांबणे फुकट पडले, असे मात्र मी म्हणणार नाही. दिवाळीच्या आधी मुंबईच्या काही मंडळींना नव्या आवृत्तीतच काम हवे होते. ते हातचे गेले. मुलगी चार दिवस माझ्याशी मोजकेच बोलली, आणि तिचा राग खोटा नव्हता. त्या वर्षी पाऊसही दिवाळीनंतरपर्यंत हटला नाही. कापून ठेवलेले भात खाचरात भिजले, काहींना मोड आले. तेव्हा दादरच्या कामाचे पैसे आणि पंपाच्या पाण्यावरची भेंडी, या दोहोंनी घर तरले. तो आमच्या हुशारीचा पुरावा म्हणून सांगत नाही. पाऊस वेळेवर गेला असता तर कदाचित मुलीचेच म्हणणे खरे ठरले असते.

पुढे २०२० साली शाळा बंद झाल्या. मुले घरी बसली आणि धड्यांच्या हलत्या चित्रांना मागणी आली. त्याच जूनमध्ये ब्लेंडरची २.८३ आवृत्ती निघाली. तिच्यातल्या चुका दोन वर्षे दुरुस्त करीत राहू, असे करणाऱ्यांनी जाहीर केले होते. मुलगी म्हणाली, "बाबा, आता हे वाण ठरलेलं दिसतं." तिचा हात नव्यावर बसलेला होता, जुने काम पुरे झाले होते आणि एका मोठ्या कामाची उचल मिळत होती. त्या उचलीत तिची शिल्लक घालून तिने संगणक घेतला. या वेळी निर्णय तिचा होता. मी फक्त कर्जतहून खोके रिक्षात घालून आणले. डोंबिवलीची खोली घ्यायची वेळ आली नाही.

वाचकहो, मुले नवे मागतात तेव्हा त्यांना खुळात काढू नका आणि त्यांच्या घाईने स्वतःही वाहून जाऊ नका. त्यांच्या कामाशेजारी जाऊन बसा. बियाण्याचे आपले शहाणपण त्यांच्याही कामी येते. पण कोणते खाचर कोपऱ्यातले आणि कोणते पोटापाण्याचे, हे त्या कामात त्यांनाच कळते.

२०२५ च्या नोव्हेंबरात ब्लेंडरची ५.० आवृत्ती आली. मी मुलीला विचारले, "घेतलीस का गं नवी?"

"आणून ठेवलीय," ती म्हणाली, "पण कोपऱ्यातल्या खाचरात. हातातलं काम होऊ दे, मग बघू."

मी बरे म्हणालो आणि वालाला पाणी सोडायला गेलो.