बारा एक्सचा झूम

हॉस्टेलमध्ये सध्या जुन्या डिजिटल कॅमेऱ्यांची फॅशन आली आहे. वडिलांचा कपाटात पडलेला कॅमेरा घेऊन पोरं लोणारला जातात आणि परत आल्यावर मला विचारतात, "सर, फोटो असे फाटले कसे?" हाच प्रश्न मी २००८ साली खामगावच्या एका फोटो स्टुडिओत विचारला होता.

त्याच्या आदल्या वर्षी मी इथेच सेकंड इयरला होतो. मामाचा पाच मेगापिक्सेलचा कॅमेरा मागून आणला होता. खोक्यावर मोठ्या अक्षरात '१२ एक्स झूम'. अख्ख्या विंगला दाखवून झाला! गजानन महाराजांची पालखी पंढरपूरहून परत येत होती. खामगाव ते शेगाव हा शेवटचा टप्पा, आणि रस्त्यावर मुंगीला जागा नाही. आजी-आजोबा खामगावहून पायी निघालेले. मी शेगावच्या अलीकडे एका ट्रॉलीवर चढून वाट बघत होतो. दिसले ते पार पलीकडच्या कडेला. गर्दीतून तिथे पोचेपर्यंत निघून गेले असते, म्हणून झूमचं बटण दाबलं. लेन्स झिर्र करत तीन एक्सपर्यंत बाहेर आली आणि थांबली. स्क्रीनवरच्या पट्टीवर तिथे एक बारीक रेघ असते. मी बटण सोडलं नाही. आवाज बंद, लेन्स जागची हलत नाही, तरी आजोबा मोठे मोठे होत गेले. म्हटलं, काय मशीन आहे राव!

आजोबा त्याच हिवाळ्यात गेले. फ्रेमसाठी अलीकडचा फोटो तेवढाच होता. स्टुडिओवाल्याने तो मॉनिटरवर मोठा केला आणि म्हणाला, "भाऊ, यात चेहराच नाही. नुसते चौकोन हायेत."

मग रूमवर येऊन हिशोब मांडला. पूर्ण फोटो २५९२ बाय १९४४ पिक्सेलचा, म्हणजे पन्नास लाखांच्या वर. रेघेच्या पुढचा चार एक्स म्हणजे फक्त मधला ६४८ बाय ४८६ चा तुकडा, जेमतेम तीन लाख पंधरा हजार. तोच ताणून पुन्हा पन्नास लाखांचा केलेला. मधल्या जागा शेजारच्या पिक्सेलवरून अंदाजाने भरलेल्या. इंटरपोलेशन! न्यूमेरिकल मेथड्समध्ये ते लिहून मी पासही झालो होतो, पण माझ्याच खिशात ते चालू आहे हे डोक्यात आलं नाही.

चेहरा खराब आला याचं एवढं वाईट वाटलं नाही. डिजिटल झूम केला नसता तरी त्या चेहऱ्याला तेवढेच पिक्सेल मिळाले असते. पण फोटो घरी दाखवला तेव्हा आजी म्हणाली, "मी तं त्यायच्या बाजूलेच चालत होती. मले कुठी टाकलं रे?"

सोळातले पंधरा भाग कॅमेऱ्याने कार्डावर लिहिण्याआधीच फेकून दिले होते. आजी त्यात होती. नुसता ऑप्टिकलवर फोटो काढला असता तर दोघंही असते, आणि कापायचंच तर नंतर कॉम्प्युटरवर कधीही कापता आलं असतं.

म्हणजे डिजिटल झूम अगदीच टाकाऊ का? लांबच्या बोर्डावरची नोटीस वाचायला चालतो. काही कॅमेऱ्यांत फोटोचा साइज लहान ठेवला तर नुसता तुकडा कापतात, ताणत नाहीत, तेही ठीक. आजच्या मोबाईलच्या सेन्सरवर पिक्सेल इतके असतात की दोन एक्सला खरेच पिक्सेल मिळतात. त्याच्या पुढे मात्र पुन्हा अंदाजच, फक्त जास्त हुशार.

परवा आमच्या एका विद्यार्थ्याने तो फोटो कुठल्याशा ॲपमधून काढून आणला. चेहरा एकदम स्वच्छ. तोंडात दातांची पूर्ण ओळ! आजोबांचे पुढचे दोन दात मी शाळेत असतानाच पडले होते. पोराने एवढ्या हौसेने केलं होतं, म्हणून मी काही बोललो नाही.

फ्रेममध्ये शेवटी त्यांचा रेशन कार्डावरचा जुना फोटो लावला. मामाचा कॅमेरा अजून माझ्याकडेच आहे. कुणाला लोणारसाठी हवा असेल तर केबिनमधून घेऊन जा. मेनूमध्ये डिजिटल झूम ऑफ केलेला आहे, तो तसाच राहू द्या.