समुद्रावरील खोली आणि आमची ट्रंक

प्रवासास निघणें म्हणजे घराचा एक तुकडा बरोबर घेऊन निघणें, अशी आपल्याकडील जुनी समजूत आहे. आणि ती निराधार होती असें आम्हांस वाटत नाहीं. धर्मशाळेंत अंथरूण मिळत नसे, वाटेंतील पाण्याचा भरंवसा नसे, परक्याच्या हातचें चालत नसे. तेव्हां वळकटी, फिरकीचा तांब्या आणि दशम्यांचा डबा हीं आलींच. आमच्या दिग्रससारख्या वऱ्हाडांतील गांवीं ही संवय अधिकच मुरलेली. कापसाच्या काळ्या जमिनींत वाढलेल्या आम्हां लोकांचें मोठें पाणी म्हणजे अरुणावतीचें धरण. समुद्र पाहावयाचा तर आधीं अकोल्यापर्यंत मोटारीनें आणि पुढें रात्रभर आगगाडीनें मुंबई गांठावी लागते.

यंदा आमच्या घरांतील सहा मंडळींनीं पर्यटननौकेवर चार रात्री घालविण्याचा बेत केला, आणि सामानाचा प्रश्न उभा राहिला. मुंबईहून अशी सफर आतां अपूर्वाईची राहिलेली नाहीं. १९९० सालीं 'नॉर्डिक एम्प्रेस' या नांवानें अमेरिकेकडे सुरू झालेली नौका २०२१ च्या सप्टेंबरांत 'एम्प्रेस' म्हणून मुंबईहून निघूं लागली, तेव्हांपासून आमच्या ओळखीच्या कांहीं कुटुंबांनींही हा अनुभव घेतला. त्यांच्याकडून आणि छापील नियमांवरून जें कळलें, तें येथें देत आहोंत.

नौकेवरील खोली लहान असते. आपल्या माजघराच्या निम्मीही भरणार नाहीं. खिडकी नसलेली, समुद्राकडे खिडकी असलेली व सज्जा असलेली असे तिचे सामान्यतः तीन प्रकार. दामही त्याच क्रमानें चढतात. पलंग, गादी, उशा, स्वच्छ चादरी, पांघरुणें व टॉवेल हें सर्व तेथें असतें, आणि रोज झाडलोट होते. तिघां-चौघांची खोली असल्यास भिंतींतून किंवा छतांतून वरचे पलंग खालीं ओढतां येतात. साबण, केस धुण्याचा शाम्पू, बहुधा केस वाळविण्याचें यंत्र, कपाट, टेलिफोन आणि दागिने-पैशांसाठीं लहानशी तिजोरी हींही असतात. तेव्हां चादरी, पंचे, उशा व सतरंजी ट्रंकेंतून खुशाल काढावीं. रिकाम्या बॅगा पलंगाखालीं सारल्या तरच त्या खोलींत दोन माणसांना एकमेकांस वाट देतां येते.

परंतु तेथें जें नसतें त्याची यादी आम्हांस अधिक महत्त्वाची वाटली. स्नानगृह अरुंद असून पाणी बाहेर येऊं नये म्हणून दाराशीं बहुधा उंच उंबरठा असतो. वृद्धांस तो पहिल्याच दिवशीं दाखवून ठेवावा आणि न घसरणाऱ्या चपला द्याव्या. शौचाच्या जागीं पाण्याची सोय आपल्या पद्धतीची असेलच असें नाहीं. एक हलका प्लास्टिकचा मग अवश्य न्यावा. विजेच्या खोबणी थोड्या, आणि परदेशीं बांधलेल्या नौकेवर त्यांचा आकारही निराळा असूं शकतो. म्हणून अडॅप्टर हवा. भिंती बहुधा पोलादी पत्र्याच्या असल्यामुळें लोहचुंबकाच्या आंकड्या त्यांवर चिकटतात व टोप्या, पिशव्या टांगावयास उपयोगीं पडतात. मोठ्या बॅगा बंदरावर ताब्यांत घेतल्या जातात आणि खोलीच्या दाराशीं कांहीं तासांनीं पोंचतात. यासाठीं औषधें, ओळखपत्रें, चष्मा व बदलावयाचा एक कपडा हातांतील पिशवींतच असावा. औषधें सफरीच्या दिवसांपेक्षां दोन दिवसांचीं अधिक घ्यावीं. नौकेवर डॉक्टर असतो. पण आपली नेहमींची गोळी त्याच्याजवळ असेलच असें नाहीं.

येथवर सर्व सुरळीत झालें. अडचण आली ती मनाई असलेल्या वस्तूंपाशीं. इस्त्री, विजेची किटली, मेणबत्ती, उदबत्ती, निरांजन यांपैकीं कांहींही खोलींत चालत नाहीं. आमच्या मातोश्रींनीं ऐंशी ओलांडली आहे. लग्न होऊन या घरांत आल्यापासून देवापुढील सांजवात त्यांनीं चुकविलेली कोणासही आठवत नाहीं; आणि समुद्र त्यांनीं अद्याप पाहिलेला नाहीं. गुडघ्यांची स्थिति पाहतां पुढील वर्षाचा भरंवसा धरतां येत नव्हता. "दिवा लावावयाचा नसेल तर मी घरींच बरी," असें त्या म्हणाल्या, तेव्हां सर्वांचा उत्साह एकाएकीं मावळला. धाकट्या सूनबाईंनीं बॅटरीवरील दिवा सुचविला. त्याकडे मातोश्रींनीं पाहिलेंही नाहीं.

थोड्या वेळानें त्यांनींच विचारलें, "आणि त्या खोलींत बुडणाऱ्यासाठीं काय ठेवलेलें असतें?"

इतक्या सर्व यादींत हा प्रश्न आमच्यापैकीं कोणीच विचारला नव्हता. १७ जुलै १९४७ रोजीं भाऊच्या धक्क्यावरून रेवसकडे निघालेली 'रामदास' बोट उलटून सहाशेंहून अधिक माणसें दगावलीं, ती हकीकत त्यांनीं लहानपणीं वडिलांच्या तोंडून ऐकली होती. आम्हीं सांगितलें, कीं प्रत्येक प्रवाशासाठीं तरंगणारें जाकीट असतें. पुष्कळ नौकांवर तें खोलीच्या कपाटांतच असतें, कांहींवर जमावयाच्या जागीं. मुलांचें निराळें मागून घ्यावें लागतें. १९१२ सालीं 'टायटॅनिक' बुडाल्यावर १९१४ सालीं राष्ट्रांनीं सागरी सुरक्षिततेचा करार केला; २०१२ सालीं इटलीच्या किनाऱ्यापाशीं 'कोस्टा कॉनकॉर्डिया' कलंडल्यावर तो अधिक कडक झाला आणि १ जानेवारी २०१५ पासून एक दिवसाहून लांबच्या सफरींत नौका सुटण्यापूर्वीं किंवा सुटतांच प्रवाशांची कवाईत घेणें आवश्यक ठरलें. उदबत्तीची मनाई त्याच काळजीची. वाड्यास आग लागली तर माणूस अंगणांत धांवतो. भरसमुद्रांत अंगण कोठून आणावयाचें?

मातोश्रींनीं तें शांतपणें ऐकून घेतलें. नंतर उठून ट्रंकेंतील उदबत्तीचा पुडा स्वतःच्या हातानें काढला आणि मागें राहणाऱ्या थोरल्या वहिनींच्या स्वाधीन केला. "दिवेलागणीस दिवा येथेंच लागूं दे. मी तेथून हात जोडीन," एवढेंच त्या बोलल्या.

१८८३ च्या एप्रिलांत आनंदीबाई जोशी कलकत्त्याहून बोटीवर चढल्या आणि जूनमध्यें न्यूयॉर्कला उतरल्या. निघण्यापूर्वीं श्रीरामपुरास भरसभेंत त्यांनीं आपण हिंदु म्हणून जाऊं व हिंदु म्हणूनच राहूं असें सांगितलें होतें. त्या काळीं समुद्र ओलांडणें हाच अनाचार मानला जाई. आज तो प्रश्न उरला नाहीं. परंतु कोणता आचार बरोबर न्यावयाचा आणि कोणता घरीं सोंपवून जावयाचा, हें ठरविणें प्रत्येक कुटुंबास आहेच. एकत्र कुटुंबाचा एक लाभ हा, कीं घरीं सोंपविलेलें सांभाळणारें कोणी तरी मागें असतें.

आतां आमची ट्रंक अर्धी रिकामी आहे. तींत मातोश्रींची पोथी, मग आणि गुडघ्याचें तेल आहे. वाचकांस एवढेंच सुचवितों, कीं नियम नौकेनौकेगणिक बदलतात, म्हणून तिकीट घेतांनाच ते लेखी मागवावे. आणि खोलींत शिरल्यावर आधीं जाकिटें कोठें आहेत व किती आहेत तें पाहावें, मग ट्रंक उघडावी.